गाव शोधायचे, तर आधी शेजार शोधा

१६६० च्या पावसाळ्यात शाइस्ताखानाने चाकणच्या भुईकोटाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी सुमारे दोन महिने किल्ला झुंजवला. ऑगस्टमध्ये तो पडला आणि मोगलांनी चाकणचे नाव इस्लामाबाद ठेवले. पुढे १६६६ मध्ये बंगालच्या पूर्व टोकाचे चितगाव मोगलांच्या हाती आले, त्याचेही नाव इस्लामाबाद झाले. १६७० मध्ये मथुरेलाही तेच नाव मिळाले. काश्मीरमधल्या अनंतनागलाही इस्लामाबाद म्हणत. तेव्हा औरंगजेबाच्या काळातल्या एखाद्या फार्सी कागदात नुसते ‘इस्लामाबाद’ वाचून लिहिणारा पुणे प्रांतात होता, यमुनेकाठी होता की बंगालच्या उपसागराजवळ, हे सांगता येत नाही.

घराण्याचा इतिहास लिहिणारे, इनामाची सनद उलगडून पाहणारे, गावाची स्मरणिका काढणारे, किल्ल्यांवर भटकणारे, अशा सगळ्यांनाच कधी ना कधी असे एखादे नाव अडवते. नकाशात ते सापडत नाही, किंवा एकाऐवजी चार ठिकाणी सापडते. मग बहुतेक जण आवाजाच्या साम्यावर गाव ठरवून मोकळे होतात आणि तिथेच घोटाळा होतो. नाव बदलते, लिहिणाऱ्याच्या कानाप्रमाणे वाकते, दुसऱ्या गावालाही चिकटते. पण कागदात त्याच्या आसपास आलेली गावे, नदी, घाट, अंतर आणि दिशा हे सगळे एकदम सहसा बदलत नाही. म्हणून हरवलेल्या गावाच्या शोधात खरा भरवसा ठेवायचा तो त्याच्या शेजारावर. हा शेजार कसा शोधायचा आणि कसा तपासायचा, ते क्रमाने पाहू.

आधी कागदाचे साल, मग गावाचे नाव

पहिली पायरी म्हणजे कागद कधीचा, कोणाच्या दप्तरातला आणि कोणत्या लिपीतला, हे ठरवणे. प्रत्येक नावाला त्याचे असे आयुष्य असते. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली. त्याच्या मुलाच्या, फतेहखानाच्या काळात तिचे फतेहनगर झाले. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना तिला औरंगाबाद हे नाव मिळाले. फार्सी कागदांत आणि नाण्यांवर याच शहराला ‘खुजिस्ता बुनियाद’ म्हटलेले आढळते. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. शहर एकच, पण सतराव्या शतकाच्या आरंभीच्या कागदात औरंगाबाद शोधणाऱ्याला ते मिळणार नाही आणि ‘खुजिस्ता बुनियाद’ हे शहराचे नाव आहे हे ठाऊक नसलेला वाचक त्या दोन शब्दांवरून पुढे निघून जाईल.

सालासाठी कालगणना पक्की हवी. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांत शुहूर सन असतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘तिसा खमसैन अलफ’ म्हणजे नऊ, पन्नास आणि हजार, अर्थात १०५९. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते. त्यामुळे जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारी ते मेसाठी ६०० मिळवायचे. म्हणजे असे साल असलेला कागद १६५८-५९ चा. दख्खनच्या फसली सनासाठी ५९० किंवा ५९१ मिळवतात.

उलट कधी कधी नावच सालाचा पुरावा देते. औरंगजेबाने अखेरच्या मोहिमेत घेतलेल्या किल्ल्यांना नवी नावे दिली. १७०० च्या एप्रिलमध्ये हाती आलेला साताऱ्याचा किल्ला आझमतारा झाला, परळी म्हणजे सज्जनगड नौरसतारा झाला, सिंहगड बक्षिंदाबक्ष आणि तोरणा फुतुह-उल-गैब. चंदन-वंदन ही जोडी मिफ्ताह आणि मफ्तूह झाली. मराठ्यांनी किल्ले परत घेतल्यावर ही नावे मागे पडली. एखाद्या तारीख नसलेल्या मोगली कागदात साताऱ्यासाठी आझमतारा असेल, तर तो १७०० पूर्वीचा नसणार, एवढे तरी निश्चित सांगता येते.

याच काळातल्या नाशिकचे गुलशनाबाद, मिरजेचे मुर्तजाबाद आणि दाभोळचे मुस्तफाबाद ही नावे वहीत नोंदवून ठेवावीत, कारण ती वारंवार भेटतात. भीमेकाठच्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी कित्येक वर्षे होती. मोगली कागदांत ती जागा इस्लामपुरी आहे. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरशी तिचा संबंध नाही. मंगळवेढे आणि भीमा यांचा उल्लेख जवळपास आहे का, एवढे पाहिले तरी हा गोंधळ टळतो.

कोणाच्या कानाने ऐकले, कोणत्या लिपीत लिहिले

दुसरी पायरी लेखनाची. नाव परक्या लिपीत उतरताना जे वाकते, ते बहुतेक वेळा ठरावीक पद्धतीने वाकते. ती पद्धत कळली की निम्मी नावे जागच्या जागी उलगडतात.

इंग्रजांना मराठी ‘ड’ पुष्कळदा ‘र’सारखा ऐकू आला आणि तसाच त्यांनी लिहिला. १७७९ च्या मराठे-इंग्रज लढाईचे ‘वरगाम’ म्हणजे मावळातले वडगाव. नोव्हेंबर १८०३ च्या लढाईचे ‘अरगाम’ म्हणजे अकोला जिल्ह्यातले अडगाव. ‘किरकी’ म्हणजे खडकी. ‘गाव’चे ‘गाम’ आणि ‘दुर्ग’चे ‘द्रूग’ होणे नेहमीचे. निजामाविरुद्ध १७९५ मध्ये झालेली खर्ड्याची लढाई जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘कुर्डला’ या नावाखाली शोधावी लागते. मुंबईजवळच्या समुद्रातली खांदेरी-उंदेरी ही बेटे त्यांच्या कागदांत ‘केनरी’ आणि ‘हेनरी’ झाली. १८७० च्या दशकात हंटर यांची लिप्यंतर पद्धत सरकारी कामात रूढ झाली. त्याआधी प्रत्येक अधिकारी आपल्या कानाप्रमाणे लिही, म्हणून एकाच गावाची पाच-सहा स्पेलिंगे गृहीत धरूनच शोध घ्यावा.

पोर्तुगीजांची रीत वेगळी. त्यांच्या लेखनात ‘एक्स’ हे अक्षर बहुधा ‘श’साठी येते, ‘क्यू-यू’ हा ‘ए’ किंवा ‘ई’पूर्वीचा ‘क’ असतो आणि शेवटचा ‘एम’ हा पुष्कळदा नुसता अनुनासिक असतो. म्हणून इंग्रजी वळणाने वाचणारा गोव्यात ‘बिचोलिम’, ‘सांकेलिम’ आणि ‘पेर्नेम’ म्हणतो, तर गावकरी डिचोली, साखळी आणि पेडणे म्हणतात. ‘ड’चा ‘र’ इथेही होतो. पेडण्यात तो दिसतो, आणि ज्याला पोर्तुगीज ‘चोरांव’ म्हणत त्या चोडण बेटाच्या नावातही दिसतो.

फार्सी लिपीत अडचण दुहेरी आहे. ऱ्हस्व स्वर सहसा लिहिलेच जात नाहीत, आणि ब, प, त, न यांसारखी अक्षरे शब्दात केवळ नुक्त्यांच्या जागेवरून आणि संख्येवरून ओळखायची असतात. घाईने लिहिणारा मुनशी नुक्ते गाळतो. क आणि ग यांतला फरकही एका रेघेचा, आणि तीही अनेकदा नसते. शिवाय ट, ठ, ड, ण, ळ हे वर्ण मूळ फार्सीत नाहीत. त्यामुळे फार्सीतल्या नावाचे एकच वाचन पक्के धरू नये. नुक्ते हलवून होणारी चार वाचने कागदावर मांडावीत आणि त्यांतले कोणते त्या परगण्यात बसते ते पाहावे.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, अनुस्वार गळतात आणि शब्द सलग लिहिलेले असतात. ‘मौजे’ कुठे संपले आणि गावाचे नाव कुठे सुरू झाले, हे लेखकाच्या वळणाची सवय झाल्याशिवाय कळत नाही. त्याच लेखकाचे दोन-चार सोपे कागद आधी वाचून घ्यावेत, हा मोडी वाचकांचा नेहमीचा सल्ला अगदी खरा आहे.

मराठी कागदांचीही स्वतःची भूगोलभाषा आहे. त्यांत ‘गंगा’ म्हणजे बहुधा गोदावरी असते आणि ‘गंगथडी’ म्हणजे तिचा काठ. ‘भागानगर’ म्हणजे हैदराबाद. ‘चंदी-चंदावर’ या जोडीतली चंदी म्हणजे तामिळनाडूतली जिंजी, जिथे छत्रपती राजाराम महाराजांनी १६८९ नंतर आश्रय घेतला आणि राज्य चालवले, आणि चंदावर म्हणजे तंजावर. मोगलांनी १६९८ मध्ये जिंजी घेतल्यावर तिचे नाव नुसरतगड ठेवले. बखर, मोगली अखबार आणि फ्रेंच-इंग्रजी कागद हे एकाच किल्ल्याविषयी तीन नावांनी बोलत असतात.

जिथे नावच नवे दिले

काही वेळा आवाजाचा धागा मुळीच उरत नाही, कारण परक्यांनी जागेला आपल्या भाषेतले नवे नाव दिलेले असते. घारापुरीला पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटले ते तिथल्या दगडी हत्तीमुळे. तो हत्ती आज मुंबईत भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या आवारात उभा आहे. वसईजवळच्या अर्नाळ्याला त्यांनी ‘गाईंचे बेट’ अशा अर्थाचे नाव दिले होते. इंग्रजांनी बाणकोटच्या किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया केले आणि १७६५ मध्ये घेतलेल्या सिंधुदुर्गाला फोर्ट ऑगस्टस. विजयदुर्गाचा उल्लेख ते शेजारच्या गिर्ये गावावरून ‘घेरिया’ असा करत. १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी घेतलेला घेरिया तो हाच.

अशा नावांसाठी शब्दकोश उपयोगी पडत नाही. त्या मोहिमेचा मार्ग नकाशावर आखावा लागतो. जहाजे मुंबईहून कधी निघाली, किती दिवसांनी पोहोचली, वाटेत कोणती बंदरे लागली, खाडी उत्तरेला होती की दक्षिणेला, हे तपशील आरमारी टिपणांत सापडतात आणि तेच जागा दाखवतात.

एका नावाची दोन ठिकाणे

सर्वांत फसवी नावे ती, जी चटकन सापडतात. मुंबईच्या उत्तरेची साष्टी आणि गोव्यातली साष्टी या दोन्हींचा उल्लेख पोर्तुगीज कागदांत जवळजवळ एकाच लेखनाने येतो. दोन्ही नावांचा संबंध सहासष्ट गावांशी जोडला जातो. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांची वसईची मोहीम मुंबईकडच्या साष्टीत चालू होती, आणि १७३९ च्या आरंभी व्यंकटराव घोरपडे यांच्या फौजा गोव्याच्या साष्टीत उतरल्या. एकाच सालात दोन्ही साष्टींवर मराठे! इथे सालही निवाडा करत नाही, शेजारच करतो. जवळपास ठाणे, वांद्रे, वर्सोवा यांची नावे असतील तर मुंबईची साष्टी. मडगाव, राचोल असेल तर गोव्याची.

अशा जोड्यांची यादी मोठी आहे. आगाशी विरारजवळ आहे, तशी गोव्यात जुवारीच्या काठीही आहे. इंग्रजी ‘बसीन’ म्हणजे वसई, जिथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने तह केला. पण ब्रह्मदेशात इरावतीच्या मुखाशी असलेले पथेन हेही इंग्रजीत बसीनच. मलिक अंबरची खडकी वेगळी आणि ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईची पुण्याजवळची खडकी वेगळी. इंग्रजी पत्रांतले ‘रायरी’ कधी रायगड असते, तर कधी सिंधुदुर्ग जिल्ह्यातले रेडी. ‘राजापूर’ आणि ‘दंडा-राजपुरी’ ही नावेही एकमेकांत मिसळतात. पहिले रत्नागिरीकडचे व्यापारी बंदर, दुसरी जंजिऱ्यासमोरची खाडी.

‘सेव्हर्नद्रूग’ म्हणजे हर्णैचा सुवर्णदुर्ग. कमोडोर जेम्स यांनी तो १७५५ मध्ये घेतला आणि त्यांच्या स्मरणार्थ १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच नावाचा मनोरा उभा राहिला. पण १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने बंगळुरूजवळचा सावनदुर्ग घेतला. त्याचे नाव इंग्रजी लेखनात जवळजवळ तसेच उमटते. समुद्राचा उल्लेख आहे की डोंगराचा, हे पाहिल्याशिवाय दोन्ही वेगळे होत नाहीत. गोव्यातच ‘गोवा वेल्हा’ आणि ‘वेल्हा गोवा’ अशी दोन ठिकाणे आहेत. पहिले जुवारीकाठी, कदंबांच्या गोपकपट्टणाच्या जागेवर, तर दुसरे मांडवीकाठी, जिथे बॉम जेझूसचे चर्च आहे. दोन शब्दांचा क्रम उलटला की नदी बदलते.

शेजाराचा पुरावा कसा लावायचा

ताम्रपट कोरणाऱ्यांना शेजाराचे महत्त्व पुरते ठाऊक होते. दान दिलेल्या गावाच्या पूर्वेला काय, दक्षिणेला काय, अशा चतुःसीमा त्यांत नोंदवलेल्या असतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा ७६८ चा तळेगाव ताम्रपट पुण्याच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. त्यात दान दिलेल्या गावाच्या सीमांवर आळंदी आणि थेऊर यांची जुनी रूपे येतात आणि मुळा नदीही येते. आळंदी म्हटले की ज्ञानेश्वरांची, इंद्रायणीकाठची देवाची आळंदी डोळ्यांपुढे येते. पण थेऊरच्या परिसरात आळंदी म्हातोबाची आणि आळंदी चोराची अशी आणखी दोन गावे आहेत. थेऊर शेजारी असेल आणि मुळा उत्तरेला असेल, तर शोध इंद्रायणीकाठी न्यायचे कारण उरत नाही. एका नावाने जिथे चूक झाली असती, तिथे तीन नावे मिळून जागा दाखवतात.

म्हणून कागद हाती आला की त्यातली सगळी स्थळनावे वेगळी काढावीत, नुसते हवे असलेले नाव नव्हे. प्रत्येकापुढे दिशा, अंतर, नदी, परगणा किंवा तर्फ लिहावी. जी नावे आज निर्विवाद ओळखता येतात ती आधी नकाशावर टिपावीत. मग अज्ञात गाव त्यांच्या मधल्या पट्ट्यातच शोधावे. दोन-तीन शेजारी जुळले तर ओळख भक्कम, एकही जुळला नाही तर नाव कितीही सारखे असो, ते सोडून द्यावे.

तगर या प्राचीन नगराचा शोध या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर सांगितले आहे. पुढे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत राहिले, पण नगर मात्र विस्मरणात गेले. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी देवगिरी, जुन्नर, धारूर अशी वेगवेगळी ठिकाणे सुचवली. त्यांतले जुन्नर तर पैठणच्या पश्चिमेला पडते. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी धाराशिव जिल्ह्यातले तेर पुढे केले. दिशा आणि अंतर साधारण जुळत होते आणि नावाचा प्रवासही ध्वनिनियमांना धरून होता. मग जमिनीने साक्ष दिली. संत गोरा कुंभारांच्या या गावातल्या टेकाडांतून सातवाहन काळातल्या वस्तू आणि रोमन जगाशी व्यापार होता याच्या खुणा निघाल्या. त्यांतल्या पुष्कळ तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात. नाव, अंतर आणि उत्खनन या तिन्ही बाजूंनी उत्तर एकच आले, म्हणून ते टिकले.

याउलट कार्ल्याच्या लेण्यांत दानकर्त्यांचे गाव म्हणून पुन्हा पुन्हा येणारे ‘धेनुकाकट’ घ्यावे. त्यासाठी डहाणूपासून आंध्रातल्या धरणीकोटपर्यंत अनेक ठिकाणे सुचवली गेली, पण एकमत झाले नाही. त्या लेखांत अंतर नाही, सीमा नाहीत. शेजाराशिवायचे नाव असे लोंबकळत राहते.

कुठे शोधायचे

सुरुवात गॅझेटियरपासून करावी. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये जिल्हावार ‘स्थळे’ असा विभाग असतो आणि तळटीपांत जुन्या लेखनांची खाण असते. ठाणे, कुलाबा, पुणे, सातारा या खंडांच्या तळटीपा तर पानोपानी वाचाव्यात. एडवर्ड थॉर्नटनचे १८५४ चे गॅझेटियर जुन्या इंग्रजी स्पेलिंगांसाठी आणि १८८६ चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश अरबी, पोर्तुगीज, इंग्रजी रूपांच्या साखळीसाठी उपयोगी पडतो. त्या साखळीवरून चौल हे अरबांचे सैमूर आणि टॉलेमीचे सिमुल्ला कसे, हे कळते.

त्यानंतर नकाशे. जेम्स रेनेलचा १७८२ चा हिंदुस्थानचा नकाशा मोठ्या स्थळांसाठी ठीक आहे, पण खेड्यांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाचे जुने नकाशे हवेत. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टान्येडा ग्रंथालयाने विसाव्या शतकाच्या मध्यातले भारताचे नकाशे इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत, ते परदेशातल्या मराठी माणसालाही घरबसल्या पाहता येतात. जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर चढवून पाहिला, की धरणात गेलेली गावे दिसू लागतात. मुळशीच्या जलाशयाखाली काय गेले, उजनीच्या पाण्यात जुने पळसदेव नेमके कुठे होते, हे आजच्या नकाशावरून कळत नाही, जुन्यावरून कळते. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत ओसाड गावांचीही नोंद असते. महसुली भाषेत अशा गावाला ‘बेचिराग’ म्हणतात. जे गाव कागदात आहे पण रस्त्यावर नाही, ते या यादीत असण्याची शक्यता मोठी.

मध्ययुगीन नावांसाठी महानुभावांचे ग्रंथ अमोल आहेत. ‘लीळाचरित्र’ आणि विशेषतः ‘स्थानपोथी’ यांत चक्रधरस्वामी कुठे राहिले, त्या जागेच्या कोणत्या बाजूला कोणते देऊळ होते, हे बारकाईने सांगितले आहे. वेरूळ त्यांत ‘येळापुर’ आहे. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटातल्या ‘एलापुर’ला ते किती जवळचे आहे! महानुभाव ग्रंथांतले डोमेग्राम म्हणजे गोदाकाठचे, श्रीरामपूर तालुक्यातले कमालपूर. नाव पूर्ण बदलले, पण महानुभाव यात्रेकरूंनी ठिकाण विसरू दिले नाही. शिलालेखांसाठी शं. गो. तुळपुळे यांचे ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ आणि वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेले वाकाटक व शिलाहार लेखांचे खंड पाहावेत. त्यांत स्थळांच्या ओळखीची चर्चा वाचायला मिळते. पेशवेकाळासाठी पुणे पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह आहेच.

शेवटी गावात जाऊन

कागदावर ओळख पटली, तरी ती जमिनीवर तपासायला हवी. गावकऱ्यांना ‘इथे अमुक नावाचे गाव होते का’ असे थेट विचारू नये. अगत्याखातर लोक होकार देतात. त्यापेक्षा शिवारातल्या शेतांची, टेकाडांची, ओढ्यांची नावे विचारावीत. ‘पांढर’ कुठे आहे, हा प्रश्न विशेष फलदायी. वस्तीची राखट माती जिथे साचते ती पांढरी, आणि शेती ती काळी. जुन्या पांढरीवर खापरांचे तुकडे दिसतात आणि वृद्धांना ‘जुने गावठाण’ म्हणून ती जागा माहीत असते. गावाची यात्रा कोणत्या देवाची, पालखी सीमेवर कुठपर्यंत जाते, हेही विचारावे. गाव हलले तरी पालखीची वाट पुष्कळदा जुनीच राहते.

देव आणि आडनावे हे दोन दुवे मराठी माणसाला सहज उपलब्ध आहेत, पण ते जपून वापरावेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला नेण्यात आली. आज मंदिर जिथे आहे तिथे मूळ गाव शोधणारा नदी ओलांडून चुकीच्या तालुक्यात पोहोचेल. ‘कर’ लागलेल्या आडनावातही मूळ गाव दडलेले असते, पण वडगाव, अडगाव, पिंपळगाव ही गावे ठिकठिकाणी आहेत. कुलदैवत, वतनाचा कागद आणि आडनाव हे तिन्ही एकाच तालुक्याकडे बोट दाखवत असतील, तरच पुढे जावे.

शोध लागला की तो नीट नोंदवावा. मूळ कागदातले लेखन जसेच्या तसे, कागदाचे साल, आजचे नाव, तालुका, अक्षांश-रेखांश आणि जुळलेले शेजारी एवढे तरी लिहावे. ओळख निश्चित आहे, संभाव्य आहे की केवळ नावाचे साम्य आहे, हे स्पष्ट शब्दांत नमूद करावे. केवळ साम्यावरचा तर्क एकदा निश्चित म्हणून छापला गेला, की पुढची पुस्तके तोच उचलतात आणि खऱ्या जागेकडे कोणी फिरकत नाही.

हीच शिस्त आज कागद तयार करणाऱ्यांनीही पाळायला हवी. उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये. कुटुंबाचा इतिहास, संस्थेची घटना, जमिनीचा करार किंवा गावाची स्मरणिका लिहिताना नवे नाव, कंसात जुने नाव आणि बदलाचे साल द्यावे. खेड्याचे नाव असेल तर बुद्रुक की खुर्द हे गाळू नये, आणि त्यापुढे तालुका, जवळची नदी आणि शिवेला लागून असलेली किमान दोन गावे लिहावीत. दीड ओळ वाढेल, पण शंभर वर्षांनी तो कागद वाचणाऱ्याला गाव शोधत चार जिल्हे पालथे घालावे लागणार नाहीत.